अश्रूंच्या अटी

२०१६ साली महाराष्ट्रातल्या प्रेक्षकांपुढे दोन महिन्यांच्या अंतराने दोन शोकांतिका आल्या. २६ फेब्रुवारीला हंसल मेहता यांचा ‘अलीगढ’ हा हिंदी चित्रपट लागला आणि २९ एप्रिलला नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’. दोहोंच्या मुळाशी प्रश्न एकच होता : माणसाने कोणावर प्रेम करावे हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा? दोहोंचा शेवट मृत्यूत होतो. ‘सैराट’ साताऱ्यापासून सोलापूरपर्यंत गर्दीने पाहिला गेला. पूर्वार्धातल्या गाण्यांवर प्रेक्षक खुर्च्या सोडून नाचले आणि अखेरीस लहान मुलाच्या रक्ताळलेल्या पावलांपुढे तेच प्रेक्षक मुकाट्याने बाहेर पडले. त्यानंतर कित्येक महिने पारावर, एस.टी.च्या थांब्यावर, महाविद्यालयाच्या कट्ट्यावर त्या शेवटाविषयी वाद चालू होते. आर्चीच्या भावाची बाजू घेणारेही निघाले. पण वाद झाला. ‘अलीगढ’च्या वाट्याला समीक्षकांची दाद आली, मोठ्या शहरांतले मोजके खेळ आले. ज्या शहराचे नाव त्याने धारण केले तेथे तर विरोधामुळे तो दाखविताच आला नाही. विरोध करणाऱ्यांत मुसलमान संघटना होती आणि भारतीय जनता पक्षाच्या महापौरही होत्या. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्यांचे ज्या मुद्द्यावर एवढ्या सहज एकमत होते, त्या मुद्द्याकडे समाजवाद्यांनी जरा निरखून पाहावयास हवे होते. ते झाले नाही.

वस्तुतः ‘अलीगढ’ ही मराठी माणसाची कथा आहे. श्रीनिवास रामचंद्र सिरस हे नागपूरचे. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात ते मराठी शिकवीत आणि तेथल्या आधुनिक भारतीय भाषा विभागाचे प्रमुख होते. त्यांच्या कवितासंग्रहाला महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळालेला होता. ८ फेब्रुवारी २०१० च्या रात्री काही माणसे कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसली आणि एका रिक्षाचालकाबरोबरचा त्यांचा एकांत चित्रित केला. दुसऱ्याच दिवशी विद्यापीठाने निलंबित केले ते घुसखोरांना नव्हे, प्राध्यापकांना. सिरस तेव्हा ६४ वर्षांचे होते, निवृत्ती काही महिन्यांवर आली होती. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १ एप्रिलला निलंबनास स्थगिती दिली. ७ एप्रिलला ते भाड्याच्या खोलीत मृतावस्थेत सापडले. दिल्ली उच्च न्यायालयाने भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ ची धार २ जुलै २००९ रोजीच बोथट केली होती. म्हणजे ज्या कृत्यासाठी त्यांना घराबाहेर काढण्यात आले ते त्या क्षणी गुन्हाही नव्हते.

मराठीच्या एका प्राध्यापकाची ही गत झाली, त्यावर चित्रपट निघाला, मनोज बाजपेयी यांच्यासारख्या नटाने ती भूमिका केली. तरी मराठी वाङ्‌मयीन जगताला आणि मराठी डाव्या चळवळीला त्याचे फारसे सोयरसुतक वाटले नाही. साहित्य संस्था गप्प राहिल्या यात नवल नाही, गप्प राहणे हा त्यांचा जुना परिपाठच आहे. नवल आहे ते डाव्यांच्या युक्तिवादाचे. तो युक्तिवाद सर्वांच्या परिचयाचा आहे. हा मोठ्या शहरांतल्या खाऊनपिऊन सुखी लोकांचा विषय आहे. सातारा-सांगलीच्या शेतकऱ्यापुढे उसाच्या दराचा, पाण्याच्या पाळीचा, मुलाच्या नोकरीचा प्रश्न आहे. आधी भाकरी, मग ही थेरं. शिवाय आपला प्रेक्षक असले काही सहन करणार नाही, असा त्यावर शेरा.

प्रथम या ‘आपल्या प्रेक्षका’कडेच पाहू. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ उभे केले तेव्हापासून या मुलखातल्या माणसांनी लुगडे नेसलेल्या पुरुषावर जीव टाकलेला आहे. बालगंधर्वांच्या नेसणीची नक्कल घरंदाज बायका करीत. कृष्णाकाठच्या जत्रांत तमाशाचा नाच्या आहे, जतच्या यल्लम्माच्या यात्रेत जोगता आहे. पुरुषाच्या देहात पुरुषीपणाखेरीज आणखी काही वसत असते ही गोष्ट या प्रेक्षकाला नवी नाही. त्याने तिच्यासाठी एक जागाही राखून ठेवली आहे, पण जागेची अट अशी की रंगमंचावर, पालखीपुढे, फडावर काय हवे ते करावे. घर, शेत आणि पंगत यांत वाटा मागू नये.

या अटीचा पुरावा गेल्या काही वर्षांतल्या दोन लोकप्रिय चित्रपटांतच सापडतो. दोन्ही चित्रपट चांगले आहेत, म्हणून तर ते तपासावयाचे. आनंद यादव यांच्या कादंबरीवरचा, रवी जाधव यांनी दिग्दर्शित केलेला ‘नटरंग’ १ जानेवारी २०१० रोजी प्रदर्शित झाला. कागलचा गुणा हा पहिलवान शेतमजूर. गावच्या धनिकाच्या विहिरीवर मोटर बसते, मोटेवरच्या माणसांची मजुरी जाते, आणि त्या बेकारीतून तमाशाचा फड उभा राहतो. (यंत्र आले की मजुराचे शरीरच बाजारात कसे येते, हे अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकापेक्षा या पंधरा मिनिटांत अधिक स्पष्ट होते, त्याकडे मात्र परीक्षणांनी ढुंकून पाहिले नाही.) फडाला नाच्या मिळेना, म्हणून गुणा स्वतः नाच्या होतो. मग गाव हसते, पोराला चिडवले जाते, बायको तुटते आणि शेवटी राजकारणी टोळक्याकडून त्याच्यावर बलात्कार होतो. दुसरा ‘जोगवा’, २००९ सालचा, राजीव पाटील यांचा. शरीरावर देवीची खूण दिसली म्हणून तायप्पाला बळेच लुगडे नेसवून जोगता केले जाते. त्याचे प्रेम आहे सुलीवर, जी जोगतीण आहे. दोघे मिळून बंड करतात. या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले आणि ते रास्तच होते.

दोन्ही चित्रपटांत प्रेक्षक रडला. पण कशासाठी? गुणा खरा मर्द असताना त्याला ‘तसला’ म्हटले गेले म्हणून, आणि तायप्पा खरा पुरुष असताना त्याला लुगडे नेसावे लागले म्हणून. शोकाचे कारण गैरसमज हे होते. तायप्पाचे लुगडे गळून पडते तेव्हा चित्रगृहात जो सुस्कारा उमटतो तो अन्याय संपल्याचा आहे, तितकाच ‘सुटलो बुवा, हा आपल्यातलाच निघाला’ असाही आहे. हा दोष दिग्दर्शकांच्या माथी मारण्याचे कारण नाही. त्यांनी घेतलेली कथा ती तशी आहे. प्रश्न त्या माणसाचा आहे, ज्याच्या बाबतीत गैरसमज झालेलाच नाही. गुणाच्या अंगावर जे शिवीचे शब्द फेकले गेले ते ज्याला खरोखर लागू पडतात, त्याच्यासाठी त्या अश्रूंत थेंबभर तरी हिस्सा होता काय? ‘नटरंग’ पाहून डोळे पुसणारा प्रेक्षक दुसऱ्या दिवशी तालमीत, शाळेच्या मैदानावर, कार्यकर्त्यांच्या बैठकीतही ‘बायल्या’ हा शब्द सहज वापरतो. चित्रपटाने त्याला हलविले. शब्द मात्र जागचा हलला नाही.

ज्यांच्या बाबतीत गैरसमज नाही, त्यांच्यासाठी दुसरी अट आहे. त्यांनी मरावे. विजय तेंडुलकर यांच्या ‘मित्राची गोष्ट’ या १९८१ सालच्या नाटकातली सुमित्रा देव आत्महत्या करते. सिरस मरतात. परदेशातही फार वेगळे नाही. आंग ली यांच्या २००५ सालच्या ‘ब्रोकबॅक माउंटन’मधला जॅक मरतो आणि एनिस त्याचा सदरा उराशी धरून उरतो. या चित्रपटाला ऑस्कर मिळाले, युटा राज्यातल्या एका चित्रगृहाने तो ऐनवेळी काढून टाकला, चीनमध्ये तो लागलाच नाही आणि अमेरिकी दूरचित्रवाणीवरच्या विनोदवीरांना महिनोन्‌महिने खाद्य मिळाले. काही रडले, काही हसले, काहींनी दार लावून घेतले. पण रडणारे कशावर रडले हे पाहण्यासारखे आहे. ते दोघे १९६३ च्या उन्हाळ्यात डोंगरावर दुसऱ्याची मेंढरे राखणारे सालदार आहेत. जॅक म्हणतो, दोघे मिळून लहानसा गुरांचा गोठा घालू. एनिसला ते जमत नाही. लहानपणी पाहिलेले, मारून टाकलेल्या माणसाचे प्रेत त्याच्या डोळ्यांपुढे आहे. पण त्याबरोबरच घटस्फोटित बायकोला मुलींसाठी द्यावयाचे पैसे आहेत, आज आहे नि उद्या नाही अशी मजुरी आहे. भीती आणि दारिद्र्य यांनी मिळून त्याला जखडले आहे. अमेरिकेतल्या आणि मुंबईतल्याही सुखवस्तू प्रेक्षकांनी त्यातले डोंगर पाहिले, विरह पाहिला. मजुरी पाहिली नाही.

‘अलीगढ’च्या बाबतीत हीच गोष्ट अधिक बोचरी होते. सिरसांसाठी हळहळणारा प्रेक्षक सुशिक्षित होता. त्याला त्या एकाकी खोलीतले लताबाईंचे गाणे भिडले, कविता भिडल्या, ‘एवढा विद्वान माणूस’ हा सल भिडला. त्या रात्री त्या खोलीत दोन माणसे होती. दुसरा रिक्षा ओढणारा होता. त्याला विद्यापीठ नव्हते, निलंबन नव्हते, वकील नव्हता, उच्च न्यायालयाची स्थगिती नव्हती. त्याची बदनामी तेवढीच झाली आणि पोट हातावर. चित्रपटात तो फार काळ टिकत नाही, आणि प्रेक्षकांच्या चर्चेत तर त्याचे नावही निघत नाही. त्याचे पुढे काय झाले, त्याला गिऱ्हाईक मिळाले काय, त्याच्या गल्लीने त्याला ठेवले काय, हे प्रश्न विचारण्याचे काम उदारमतवादी समीक्षकांचे नव्हते. त्यांच्याकडून अपेक्षाही नव्हती. ते काम समाजवाद्यांचे होते. ‘हा उच्चभ्रूंचा विषय’ म्हणून डाव्यांनी पाठ फिरविली आणि त्यामुळेच तो विषय उच्चभ्रूंच्या हाती राहिला. आपणच सोडलेली जागा दुसऱ्याने व्यापली म्हणून ती आपली नव्हतीच, असे म्हणण्यासारखे हे आहे.

मेलेल्यांना अश्रू मिळतात. जगणाऱ्यांना काय मिळते ते १९९८ साली दिसले. दीपा मेहता यांच्या ‘फायर’मध्ये दिल्लीतल्या एका मध्यमवर्गीय घरातल्या दोन जावा एकमेकींवर प्रेम करू लागतात. स्वयंपाकघरात एकीच्या लुगड्याला आग लागते, पण ती जळून मरत नाही; दोघी घर सोडून जातात. एवढेच. बहुधा तेच सहन झाले नाही. २ डिसेंबर १९९८ रोजी शिवसेनेच्या महिला आघाडीने मुंबईतल्या चित्रगृहांवर हल्ले केले, दुसऱ्या दिवशी दिल्लीत तोडफोड झाली आणि राज्याचे तत्कालीन मुख्यमंत्री मनोहर जोशी यांनी हल्लेखोरांची पाठ थोपटली. परवाना मिळालेला चित्रपट पुन्हा परिनिरीक्षण मंडळाकडे धाडण्यात आला आणि १९९९ च्या फेब्रुवारीत मंडळाने तो पुन्हा तसाच संमत केला. त्या वेळी पुरोगामी मंडळी रस्त्यावर उतरली हे खरे. पण त्यांची भाषणे बव्हंशी अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर होती. चित्रपट ज्या नात्याविषयी होता त्याचे नाव घेताना अनेकांची जीभ अडखळली. दिल्लीतल्या निदर्शनात काही स्त्रियांनी ते नाव फलकावर लिहून हाती धरले, तेव्हा ‘यामुळे मूळ मुद्दा बाजूला पडतो’ अशी तक्रार मित्रपक्षातूनच झाली. मूळ मुद्दा तोच होता.

‘हे बाहेरून आलेले आहे’ हा आक्षेप प्रतिगाम्यांचा, पण डाव्यांच्याही तोंडी कधीकधी ऐकू येतो. र. धों. कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’ १९२७ पासून १९५३ पर्यंत निघत होते. त्यात वाचकांच्या लैंगिक शंकांना, समलिंगी संबंधांविषयीच्या शंकांनाही, कर्वे बिनधास्त आणि शास्त्रीय उत्तरे देत. अशाच उत्तरांबद्दल १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि त्यांचे वकीलपत्र घेतले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला हरला. पण आंबेडकरांनी तेव्हा ‘आधी पाण्याचा प्रश्न, मग हा’ असे म्हटले नाही. महाडचा सत्याग्रह करून सात वर्षे झालेला माणूस हे वकीलपत्र घेत होता. त्याच १९३४ साली, क्रांतीनंतर रद्द झालेला समलिंगी संबंधांवरचा फौजदारी कायदा स्टालिनच्या सोव्हिएत संघाने पुन्हा आणला. मुंबईच्या न्यायालयात आंबेडकर आणि मॉस्कोत पक्षाचे शासन अशी ही जोडी आहे. आपण कोणाचे वारस म्हणवून घ्यावयाचे ते कार्यकर्त्यांनी ठरवावे. समाजवादी देशांचा इतिहास या बाबतीत एकसारखा नाही. पूर्व जर्मनीने १९६८ साली जुना कायदा रद्द केला, आणि तेथल्या सरकारी चित्रसंस्थेने काढलेला पहिला समलिंगी प्रेमाचा चित्रपट ९ नोव्हेंबर १९८९ रोजी, बर्लिनची भिंत पडली त्याच रात्री, प्रथम दाखविला गेला. इतिहासाला कधीकधी वेळेचे भान नसते. क्यूबाने १९६० नंतरच्या दशकात अशा माणसांना श्रमछावण्यांत डांबले. पुढे फिडेल कास्त्रो यांनी २०१० साली त्याची जबाबदारी स्वतःवर घेतली आणि २०२२ साली क्यूबाच्या जनतेने सार्वमताने समलिंगी विवाहाला मान्यता दिली.

आता भाकरीचा मुद्दा. सातारा-सांगलीच्या चळवळीने लग्न हा खाजगी विषय कधीच मानलेला नाही. सत्यशोधकांनी १८७३ साली भटाविना लग्न लावले ते धर्मसत्तेच्या उत्पन्नावरच बोट ठेवून. ज्या जोतीरावांचे मूळ गाव साताऱ्याचे कटगुण, त्यांना हे सांगावे लागले नाही की लग्नाचा आणि अर्थव्यवहाराचा संबंध काय. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने, १९४३ ते १९४६ च्या धुमश्चक्रीत, डोक्यावर इंग्रजांचे वॉरंट असताना, गावोगाव कमी खर्चाची गांधी लग्ने लावली. त्यांना कोणी विचारले नाही की आधी स्वराज्य की आधी लग्न. हुंडा, कर्ज, जमीन, जात आणि लग्न हे एकच गाठोडे आहे हे त्या पिढीला ठाऊक होते.

आजही ते गाठोडे तसेच आहे. २००१ च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ८५१ मुली होत्या. २०१७ साली मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले १९ गर्भ सापडले. ज्या जिल्ह्यांनी वारसदाराच्या हव्यासाने पोटातल्या मुली मारल्या, तेथे दोन माणसांच्या प्रेमाला ‘निसर्गाविरुद्ध’ म्हणण्याची हिंमत कोणाला होते, याचे आश्चर्य करावे तेवढे थोडे. २०२२ च्या डिसेंबरात सोलापुरात लग्नाळू तरुणांनी बाशिंग बांधून जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा नेला, कारण शेती करणाऱ्याला मुलगी मिळत नाही. शेतीची दुरवस्था आणि मुलींची हत्या यांतून लग्नाचा बाजार असा तापलेला असताना, ज्याला मुलीशी लग्नच करावयाचे नाही अशा तरुणाची खेड्यात काय कोंडी होत असेल? त्याचे लग्न लावले जाते. त्या लग्नात आणखी एका मुलीचे आयुष्य जाते. तिच्या वाट्याच्या शोकांतिकेवर कोणी चित्रपट काढत नाही.

‘आमच्याकडे असले कोणी नाही’ म्हणणाऱ्यांसाठी एवढेच की सांगलीत ‘संग्राम’ ही संस्था १९९२ पासून काम करीत आहे. तिच्या सोबतीने वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली, आणि देहविक्रय करणाऱ्या पुरुषांची व तृतीयपंथीयांची ‘मुस्कान’ ही संघटनाही. ही माणसे पुण्यामुंबईच्या दिवाणखान्यांतली नव्हेत. ती कामकरी माणसे आहेत. समाजवादी पक्षांच्या सभासद नोंदणीचे पावतीपुस्तक त्यांच्या दारात कितीदा गेले, ते जिल्हा कार्यालयांनी पाहावे.

२०२५ साली या अटी मोडणारा एक मराठी चित्रपट आला. रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक विभागातला सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि १९ सप्टेंबरला तो भारतात प्रदर्शित झाला. मुंबईत नोकरी करणारा आनंद वडिलांच्या दहाव्यापर्यंतचे दिवस काढण्यासाठी गावी जातो. तेथे त्याचा बालपणीचा मित्र बाळ्या आहे, जो शेतावर राबतो आणि ज्याच्या लग्नाचा लकडा घरच्यांनी लावला आहे. सुतकाचे नियम, भावकीचे टोमणे, शेळ्या, माळरान. कानवडे मुंबईच्या झोपडपट्टीत एका चालकाच्या घरी वाढलेले आहेत आणि वडिलांच्या मृत्यूनंतरचे स्वतःचे अनुभव त्यांनी कथेत आणले आहेत. चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही, म्हणजे कोठे रडावयाचे याची सूचना प्रेक्षकाला मिळत नाही. त्यांतले एक मरण बापाचे आहे, म्हातारपणाच्या वाटेने आलेले. प्रेम करणारे दोघे जिवंत राहतात. आनंदची आई अडाणी म्हणावी अशी बाई आहे, आणि मुलाला समजून घेण्यासाठी तिला कोणत्याही परिसंवादाची गरज पडत नाही. ‘आपला प्रेक्षक सहन करणार नाही’ म्हणणाऱ्या पुढाऱ्यांनी या आईकडे पाहावे. खेड्यातल्या माणसाविषयीची ही पुढाऱ्यांची समजूत खेड्याविषयी फारसे काही सांगत नाही. पुढाऱ्यांविषयी मात्र पुष्कळ सांगते.

या चित्रपटाला परदेशी प्रेक्षकांनी टाळ्या वाजविल्या, मुंबई-पुण्यात तो वाखाणला गेला. ज्यांच्या जगण्याचा तो आहे त्या खेड्यांपर्यंत तो बाजाराच्या मार्गाने जाणे कठीण, कारण वितरणाचा हिशेब तिकिटाच्या दरावर चालतो. पण प्रतिसरकारच्या काळापासून कलापथके घेऊन हिंडलेल्या, अण्णा भाऊ साठे ज्या वाटेगावात जन्मले त्या वाळवे तालुक्यात पक्षाच्या कार्यकर्त्यांना पडदा आणि प्रक्षेपक मिळवणे अशक्य नाही. खेळ झाल्यावर काही लोक हसतील, काही उठून जातील. एखादा मागच्या रांगेत बसून शेवटपर्यंत पाहील आणि कोणाशी न बोलता घरी जाईल. त्या एकासाठी तरी खेळ लावावयास हवा.

खेळानंतरचे काम मात्र पडद्यावरचे नाही. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी कलम ३७७ मधला अन्याय दूर केला. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच न्यायालयाने समलिंगी विवाहाचा हक्क नाकारला. याचा तालुक्याच्या पातळीवर अर्थ काय होतो? तीस वर्षे एकत्र राबलेल्या दोन माणसांपैकी एक इच्छापत्र न करता वारला, तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे वारसांची लांबलचक यादी लागते. पहिला वर्ग, दुसरा वर्ग, भाऊबंद, दूरचे नातलग, आणि यांपैकी कोणीच नसेल तर सरकार. त्या यादीत सरकारला जागा आहे, सोबत्याला नाही. साखर कारखान्यातल्या कामगाराला कुटुंब असेल तर भविष्यनिर्वाह निधीचे नामनिर्देशन त्याला कुटुंबाबाहेरच्या माणसाच्या नावे करता येत नाही, आणि कायद्याच्या लेखी सोबती कुटुंबाबाहेरचाच.

तथापि न्यायालयाच्या निकालानंतर केंद्राने नेमलेल्या समितीमुळे २०२४ साली दोन गोष्टी झाल्या. अर्थखात्याने २८ ऑगस्टला स्पष्ट केले की अशा जोडीदारांना बँकेत संयुक्त खाते उघडता येते व परस्परांच्या नावे नामनिर्देशन करता येते. अन्न व सार्वजनिक वितरण विभागाने राज्यांना कळविले की शिधापत्रिकेसाठी अशा जोडीदारांना एकाच कुटुंबातले समजावे. दिल्लीहून निघालेले असे पत्र तहसील कचेरीच्या पुरवठा शाखेपर्यंत पोचते तेव्हा त्याचे काय होते, हे रेशनच्या लढ्यात केस पांढरे केलेल्या कार्यकर्त्याला सांगावयास नको. अव्वल कारकून पत्र दाखवा म्हणेल. पत्राची प्रत खिशात हवी. मग तो म्हणेल, अर्जात रकाना नाही. रकाना नसेल तर कोऱ्या कागदावर अर्ज घ्यावा लागतो आणि पोच द्यावी लागते, हेही कार्यकर्त्यांना माहीत आहे. सातारा, कराड, मिरज, जत येथल्या पुरवठा शाखांत असा पहिला अर्ज घेऊन कोणी आला, तर त्याच्याबरोबर खिडकीपाशी पक्षाचा माणूस उभा असावयास हवा.